आनंदनगरचा टू बीएचके, मागणी ८५ लाख. भाव रास्त आहे का?

टीचभर
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज गरज पडली म्हणून लिहितोय.

सिंहगड रोडला आनंदनगर भागात रीसेलचा एक टू बीएचके बघितला आहे. इमारत १९९९ ची, पार्किंग अधिक तीन मजले, लिफ्ट नाही. घर दुसऱ्या मजल्यावर. एजंट सांगतो ९८० फूट सेलेबल (भिंती, जिना, सामायिक जागा सगळं धरून), मागणी ८५ लाख, "बसून बोलू". म्हणजे फुटाला ८,६७० च्या आसपास पडतात. याच रस्त्यावर नवीन प्रोजेक्टवाले फुटाला बारा-तेरा हजार सांगतात, त्यामुळे एजंटच्या मते हे घर मातीमोल भावात मिळतंय. बायकोला हॉलला लागून असलेली टेरेस आवडली, मला सकाळचा उजेड आवडला, आईला काहीच आवडलं नाही.

पोर्टलवर त्याच दोन-तीन गल्ल्यांत ७० लाखांपासून ९५ लाखांपर्यंत जाहिराती दिसतात. मग ८५ हे महाग, स्वस्त की बरोबर, हे ठरवायचं कसं? "तुम्हाला परवडतं का ते बघा" हा सल्ला सासऱ्यांनी देऊन झाला आहे.

मोजपट्टी
कारपेट, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, किती? ते आधी सांगा, बाकीचं नंतर.

नवीन प्रोजेक्टचे बारा-तेरा हजार हे रेरा कायद्याच्या व्याख्येतल्या कारपेटवरचे असतात आणि तुमचे ८,६७० सेलेबलवरचे. शेराच्या भावाची किलोच्या भावाशी तुलना करताय तुम्ही. मूळ बिल्डरचा करारनामा मागा. १९९९ च्या करारात बहुतेक बिल्टअप, म्हणजे भिंती धरून, लिहिलेलं असतं. आणि पुढच्या वेळी जाताना खिशात टेप ठेवा. खोल्या आतल्या आत मोजा, पॅसेज धरा, टेरेस वेगळी लिहा.

टीचभर
मोजून आलो. मालक जरा नाराज दिसले, पण त्यांच्या सौभाग्यवतींनी टेपचं दुसरं टोक धरलं. आतून भरलं ६४०. टेरेस ११० वेगळी. करारात बिल्टअप ७६८ आहे.

मोजपट्टी
बघा आता. ७६८ अधिक टेरेस ११० म्हणजे ८७८. राहिलेले १०२ फूट जिन्यात आणि एजंटच्या डोक्यात आहेत.

८५ लाख भागिले ६४० म्हणजे फुटाला १३,२८०. लिफ्ट नसलेली पंचवीस वर्षांची इमारत नव्या प्रोजेक्टच्या भावात विकायला काढली आहे. मातीमोल वगैरे काही नाही.

एक बारीक गोष्ट. रेरा कारपेटमध्ये घरातल्या आतल्या भिंती धरतात, बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि उघडी टेरेस धरत नाहीत. तुम्ही भिंत ते भिंत मोजलं असेल तर आतल्या भिंतींचे वीस-पंचवीस फूट वाढतील. त्याने निर्णय बदलणार नाही, पण नव्या घराशी तुलना करताना लक्षात ठेवा.

भाडेकरू_कायमचा
तिथे असल्या घराला भाडं किती येतं? वीस हजार? वर्षाचे २ लाख ४० हजार. ८५ लाखांवर ते तीन टक्केही नाही. बँकेत एफडी टाकून त्याच घरात भाड्याने राहा आणि सुखाने झोपा.

ओसरी
आले हे :) प्रत्येक धाग्यावर हेच.
मालक दर अकरा महिन्यांनी "मुलगा परत येतोय" म्हणतो, तेव्हा एफडीची पावती दाखवून भागत नाही. त्यांना घर घ्यायचंय, घ्यावं की नाही हे त्यांनी विचारलेलंच नाही.

खिडकी_क्र_३
नोंदणीच्या कामात आयुष्य गेलं, आता निवृत्त आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पोर्टलवर दिसते ती मागणी, भाव नव्हे. मागायला कुणाच्या बापाचं काय जातं? भाव नोंदलेल्या दस्तात असतो आणि तो कुणालाही बघता येतो. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च नावाची मोफत सेवा आहे. वर्ष, जिल्हा, गाव निवडायचं आणि सर्व्हे नंबर किंवा सिटीएस नंबर टाकायचा. नंबर करारनाम्यात सापडेल. मग त्या नंबरवर त्या वर्षी नोंदलेल्या दस्तांची यादी येते, त्यात सूची क्रमांक दोन उघडा. लोक त्याला इंडेक्स टू म्हणतात. त्यात मोबदला, बाजारभाव, क्षेत्रफळ, दस्ताची तारीख, भरलेलं मुद्रांक शुल्क, सगळं असतं. तीन-चार वर्षं मागे जा. साइट दिवसा रडते, रात्री उशिरा बसा.

वाचताना डोळे उघडे ठेवा.

मोबदला म्हणजे दोघांनी ठरवलेली रक्कम. बाजारभाव म्हणजे रेडीरेकनर या सरकारी दरपत्रकाप्रमाणे निघालेलं सरकारी मूल्य. या दोन्हींत जे जास्त असेल त्यावर मुद्रांक शुल्क लागतं. आता एखाद्या दस्तात दोन्ही आकडे हजार रुपयांच्या फरकाने सारखे दिसले तर समजून जा, की खरा व्यवहार कागदावर आलेला नसण्याची शक्यता आहे. असा दस्त तुलनेला घेऊ नका. भाऊ-बहिणीतले, काका-पुतण्यातले दस्तही सोडून द्या, तिथे रक्कम प्रेमाची किंवा भांडणाची असते. बँकेचं कर्ज काढून घेतलेलं घर असेल तर आकडा बराचसा खरा मानायला हरकत नाही.

आणि रेडीरेकनरचा दर म्हणजे तुमच्या घराची किंमत नव्हे. तो शुल्क काढण्यासाठी आहे. एका विभागाला एक दर, मग त्यात नाल्याकाठची इमारत आली आणि बागेसमोरचीही आली. तोही चौरस मीटरला आणि बिल्टअपवर असतो, फुटात आणायला १०.७६४ ने भागा. पण तो बघायचा मात्र नक्की. ठरलेली किंमत सरकारी मूल्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त खाली गेली, तर मधला फरक आयकरवाले विकणाऱ्याच्याही आणि घेणाऱ्याच्याही उत्पन्नात धरतात.

टीचभर
काका, साष्टांग नमस्कार. आज रात्री बसतो.

कंदी_पेढा
साताऱ्यात वडिलांच्या मित्राचा जुना बंगला विकायचा आहे, तिथे असले दस्त शेजारी सापडतच नाहीत. प्रत्येक घर वेगळं. मग काय करायचं? (धागा पळवत नाहीये, एकच प्रश्न.)

मोजपट्टी
बंगल्याचे दोन तुकडे करायचे. जागेची किंमत वेगळी, बांधकामाची वेगळी. जागेसाठी जवळपासच्या मोकळ्या प्लॉटांचे दस्त बघा. बांधकामासाठी, तेच घर आज बांधायला किती लागतील हे गावातल्या दोन ठेकेदारांना विचारा आणि वयाप्रमाणे घसारा वजा करा. तीस-पस्तीस वर्षांच्या घराला लोक मनात "अजून दणकट आहे" म्हणतात आणि घसारा धरतच नाहीत. इटालियन मार्बल बसवायला बारा लाख गेले असतील तर ते बारा लाख परत मिळत नाहीत, गिऱ्हाइकाला मार्बल नको असेल तर ते काढायचाच खर्च.

मोजणी करून घ्या मात्र. भूमी अभिलेखवाले येऊन हद्द दाखवतील तेव्हा कळेल कुंपण कुणाच्या जागेत आहे.

परसदार
न्यू जर्सीहून. इथे घर बाजारात आलं की शेजारची अलीकडे विकलेली तीन-चार घरं काढून भाव लावतात आणि कर्ज देणारी बँक आपला मूल्यमापक पाठवते. पुण्यात आईचा फ्लॅट विकताना आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं, एजंटने सांगितला तो आकडा खरा मानला. ई-सर्च तेव्हाही होतं का कुणास ठाऊक. वाचून चुटपुट लागली.

टीचभर, तुमचे मालक भारतातच राहतात ना? विकणारा अनिवासी असेल तर टीडीएसचं, म्हणजे पैसे देतानाच कापायच्या कराचं, गणित वेगळं असतं. इथल्या रहिवाशाकडून ५० लाख किंवा जास्तीचं घर घेताना एक टक्का कापायचा असतो, अनिवासी असेल तर त्याहून खूप जास्त. आणि कापायची जबाबदारी घेणाऱ्यावर.

टीचभर
मालक आनंदनगरातच आहेत. पण घर त्यांच्या आणि बहिणीच्या नावावर आहे, बहीण कुठे आहे ते विचारतो. हे सुचलंच नव्हतं.

दोन रात्री ई-सर्चवर काढल्या. कॅप्चा वाचता वाचता चष्म्याचा नंबर वाढला. तुलनेला घेण्यासारखं इतकंच सापडलं:

याच इमारतीत पहिला मजला, हाच नकाशा पण टेरेस नाही, नोव्हेंबर २०२३ चा दस्त, मोबदला ६४ लाख. म्हणजे कारपेटला बरोबर १०,०००.

मागच्या गल्लीत कारपेट ६१५, जानेवारी २०२५, ६७ लाख ६५ हजार. फुटाला ११,०००. त्या इमारतीला लिफ्ट आहे, जाऊन बघून आलो.

जवळच वन बीएचके, ४१० कारपेट, ऑगस्ट २०२४, साडेसत्तेचाळीस लाख. हा जवळपास ११,६०० पडतो.

आणखी एक याच इमारतीतला ४१ लाखांचा होता, पण देणार-घेणारांची आडनावं एक आणि मधलं नावही एकच. सोडून दिला.

खिडकी_क्र_३
उत्तम काम केलंत. वन बीएचकेचा दर जास्त दिसतो त्याने बिचकू नका. लहान घराला गिऱ्हाईक जास्त, एकूण रक्कम आवाक्यात राहते, म्हणून फुटाचा दर चढा असतो. तुमच्या तुलनेत त्याला कमी वजन द्या.

ओसरी
मागच्या वर्षी याच खटाटोपातून गेले, कर्वेनगरला. भाव ठरवताना आम्ही विसरलेल्या गोष्टी सांगते.

पार्किंग. एजंट म्हणेल "पार्किंग तुमच्या नावावर". उघडं किंवा स्टिल्टचं (इमारतीखालच्या खांबांमधलं) पार्किंग बिल्डरला वेगळं विकताच येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितलं आहे. सोसायटीने वाटप केलंय का, पत्र आहे का, ते बघा. नाहीतर त्याचे दोन-तीन लाख वर देऊ नका.

सोसायटीचे मागचे दोन-तीन वार्षिक सभांचे इतिवृत्त मागा. आमच्या इथे प्लास्टर आणि ड्रेनेजसाठी प्रत्येकी पावणेदोन लाख काढायचं आधीच ठरलं होतं, विकणाऱ्या बाईंनी ते हसत हसत सांगितलं नाही. १९९९ ची इमारत म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिटच्या वयाची. उपविधीत पंधरा ते तीस वर्षांपर्यंत दर पाच वर्षांनी ऑडिट सांगितलं आहे. अहवाल असेल तर वाचा, नसेल तर तेही उत्तरच आहे.

मुद्रांक शुल्क पुण्यात सात टक्के, पण घर फक्त बाईच्या नावावर असेल तर एक टक्का सूट. जोडीने नाव घातलं की सूट गेली. आमच्या घरात यावरून तीन दिवस शीतयुद्ध झालं आणि बहात्तर हजार वाचले. नोंदणी फी एक टक्का पण तीस हजारांवर जात नाही. सोसायटीची हस्तांतरण फी पंचवीस हजारांच्या वर मागितली तर देऊ नका, देणगीच्या नावाखालीही नाही.

मोजपट्टी
आणि पाणी. आनंदनगर म्हणालात म्हणून. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडलं तेव्हा एकतानगरीत घरांत पाणी शिरलेलं आपण सगळ्यांनी बघितलं. तुमची इमारत नदीपासून किती लांब? निळी पूररेषा म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदाची. नकाशा बघाच, पण त्याआधी पार्किंगमधल्या मीटरच्या पेट्या बघा. पाणी आलं असेल तर भिंतीवर रेघ राहते, रंग दिला तरी खालून फुगतो. वॉचमनला चहा पाजा. मालकाला विचारू नका.

टीचभर
चहा पाजला. वॉचमन नऊ वर्षं इथे आहे. पार्किंगमध्ये पाणी कधी आलं नाही म्हणतो, पुढच्या चौकापर्यंत आलं होतं. मीटर पेट्या कोरड्या ठणठणीत. उलट उन्हाळ्यात टँकर येतो ही नवीन माहिती मिळाली. दोन चहा झाले.

बहीण ठाण्यात. हुश्श.

मालकांनी आता नवीन पत्ता टाकला आहे. म्हणे "सोसायटी रीडेव्हलपमेंटला जाणार आहे, चाळीस टक्के जागा वाढून मिळेल, मग हेच घर दीड कोटीचं". हे किंमतीत धरायचं का?

खिडकी_क्र_३
कागद दाखवा म्हणावं. सोसायटीचं अभिहस्तांतरण किंवा मानीव अभिहस्तांतरण झालंय का? म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर आहे की अजून बिल्डरच्या? विकसन करारनामा नोंदला आहे का? सभेत ठराव तरी झालाय का? यातलं काहीच नसेल तर ती जिन्यातली गप्पा आहे, तिचे पैसे देऊ नका.

मोजपट्टी
रस्त्याची रुंदी मोजा. इमारतीपुढचा रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असेल तर टीडीआर (दुसरीकडून विकत घेतलेला जादा बांधकामाचा हक्क) वापरता येत नाही आणि चाळीस टक्के कुठून येणार? पुण्यात ६ मीटरचे रस्ते कागदावर ९ मीटरचे करण्यावरून जो गदारोळ झाला होता, तो याचसाठी. शिवाय तीनच मजले, म्हणजे जमिनीचा वाटा माणशी चांगला आहे हे खरं. रस्ता रुंद निघाला तर मालक अगदीच थापा मारत नाहीत. पण मिळालं तरी पाच-सात वर्षं, मधली दोन-तीन भाड्याच्या घरात.

भाडेकरू_कायमचा
या, या, भाड्याच्या घरात या :)

टीचभर
रस्ता साडेसात मीटर. अभिहस्तांतरण मात्र झालेलं आहे, २०१६ चं.

मग मी असा हिशेब मांडला. ११,००० चा दर धरला (मागच्या गल्लीतल्या लिफ्टवाल्या घराचा, पण तो दस्त आता जुना झालाय म्हणून दर तोच ठेवला), गुणिले ६४०, सत्तर लाख चाळीस हजार. दुसरा मजला, लिफ्ट नाही म्हणून थोडं खाली. अभिहस्तांतरण झालंय म्हणून थोडं वर. इतिवृत्तात बाहेरच्या प्लंबिंगसाठी प्रत्येकी नव्वद हजार काढायचं आहे, ते वजा. फिरून सत्तरच्या आसपासच येतो. पहिली बोली ६६, जास्तीत जास्त ७१. बँकेनेही मूल्यमापक पाठवला, त्याने ६९ लिहिले. ८० टक्क्यांनी ५५ लाख २० हजार कर्ज, वरचे माझ्याकडून. शुल्क आणि फी बँक त्यात धरत नाही, तेही माझ्याच खिशातून.

मालक ८५ वरून ७८, मग ७६. तिथे थांबले. मी ७१ वर थांबलो. त्यांच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "तुम्ही माणसं चांगली आहात, पण टेप घेऊन येता." दोन आठवडे झाले, फोन नाही.

ओसरी
टेरेसचे किती धरलेत?

टीचभर
टेरेसचे... शून्य. कारपेटमध्ये येत नाही ना.

ओसरी
कारपेटमध्ये येत नाही म्हणून फुकट नसते हो. खाजगी, हॉलला लागून, उघडी ११० फूट. टेरेस न धरता नुसत्या कारपेटच्या दराने तोलताय तर टेरेसचे वेगळे मोजायलाच हवेत. लोक साधारण तिसरा-चौथा हिस्सा धरतात. तुमच्या बायकोला घर कशासाठी आवडलं होतं?

मोजपट्टी
बरोबर. माझीही चूक, मीच "वेगळी लिहा" म्हणून पुढे सरकलो. चौथा हिस्सा धरला तरी अठ्ठावीस फूट, तीन लाख.

टीचभर
चार महिन्यांनी धागा वर काढतोय.

त्या घराचा इंडेक्स टू काल रात्री सापडला. मीच शोधत होतो, आता सवयच लागली आहे. मोबदला ७३ लाख ६० हजार. कारपेटला भागलं तर बरोबर ११,५००. टेरेस धरून बघितलं तर अकरा हजारांच्या आसपासच येतं, म्हणजे दर बरोबर होता, टेरेस चुकली. मी ७१ वर अडलो होतो, ते ७६ वर. अडीच लाख मी चढलो असतो तर आज तिथे तुळस असती.

बायकोला अजून सांगितलेलं नाही.

खिडकी_क्र_३
८५ ला घेतलं असतं त्याचं काय? अकरा लाख वाचले तुमचे.

टीचभर
काका, वाचले कुठे, घरच नाही ना :)

आता वडगाव बुद्रुकला एक बघितलंय. २००७ ची इमारत, लिफ्ट आहे, टेरेस ७० फूट. कारपेट ६६०, मी मोजलं, मालकांनी न सांगता टेपचं दुसरं टोक धरलं. मागणी ८२. सर्व्हे नंबर मिळालाय, आज रात्री बसतो.

भाडेकरू_कायमचा
भाडं किती येतं तिथे?